सहा वर्षांची गाडी आणि तीन वर्षांची अट

प्रश्न : माझा मोठा भाऊ अकरा वर्षांपासून इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला आहे. फेब्रुवारीत आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्याचं तिकडे मन लागत नाही. ऑक्टोबरमध्ये तो कुटुंबासह कायमचा नागपूरला येतोय. त्याची एक पेट्रोल-हायब्रिड गाडी आहे, फोटो सोबत पाठवतो. त्याची मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यातून ती याच गाडीतून घरी आली, म्हणून ही गाडी सोबत आणायचीच असा त्याचा हट्ट आहे. सदरमधल्या एका एजंटला भेटलो. तो म्हणतो, कायमचं परत येणाऱ्याला गाडी जवळजवळ फुकट आणता येते, शिवाय ड्यूटी १२५ची ७० झाली आहे. ते नाहीच जमलं तर ‘कार्नेवर’ आणू. आणि जुनी नको असेल तर तिकडूनच दोन वर्षं वापरलेली मोठी एसयूव्ही ३८ लाखांत, एमएच-३१ नंबरसकट दारात उभी करून देतो. मी ५१ हजार टोकन दिलंय. ३० तारखेपर्यंत सहा लाख द्यायचे आहेत, त्यासाठी आईची एफडी मोडावी लागेल. मी जरा विचारपूस करायला लागलो तर दादाला वाटतंय की मीच टाळाटाळ करतोय. काय करू?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर :

३० तारखेला पैसे देऊ नका. एफडी मोडू नका. आधी हे सांगतो आणि मग कारणं, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात घाईची गोष्ट हीच आहे.

मी मुंबईत क्लिअरिंगच्या, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवण्याच्या, कामात बरीच वर्षं काढली आणि मग नागपूरला परत आलो. परदेशातून आणलेल्या गाड्यांचे कागद हातातून गेले आहेत, आणि त्या कागदांपायी रडकुंडीला आलेली माणसंही समोर बसलेली पाहिली आहेत. त्यातलं एक प्रकरण पुढे सांगतो. त्याआधी तुमचा फोटो.

फोटोत गाडीची मागची बाजू आहे, डिकीवर पावसाचे थेंब आहेत आणि नंबरप्लेट स्वच्छ वाचता येते. इंग्लंडच्या नंबरप्लेटवर पहिल्या दोन अक्षरांनंतर जे दोन आकडे असतात ते गाडीच्या नोंदणीचा काळ सांगतात. तुमच्या दादाच्या गाडीवर ‘६९’ आहे. म्हणजे ती सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या सहा महिन्यांत पहिल्यांदा नोंदली गेली. ऑक्टोबर येईपर्यंत ती सहा वर्षांच्या पुढे गेलेली असेल.

आपल्याकडे वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनल्याच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, बनल्याच्या तारखेपासून. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या आयात धोरणातली ही अट आहे आणि ती कस्टमच्या साहेबाच्या मर्जीवर नाही. दादाची गाडी तिथेच अडते. ड्यूटी किती, रोड टॅक्स किती, हे प्रश्न त्यानंतरचे. तुमच्या एजंटने ही नंबरप्लेट पाहिली असेल तर त्याला हे पहिल्याच भेटीत कळायला हवं होतं. पाहिली नसेल, तर त्याने कशाच्या आधारावर टोकन घेतलं?

आता ‘कायमचं परत येणाऱ्याला फुकट’ या बोलण्याबद्दल. याला धंद्यात टी.आर. म्हणतात, ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स. परदेशात राहून परत येणाऱ्याला घरच्या वापरलेल्या सामानावर सवलत मिळते हे खरं आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, भांडीकुंडी, मुलीची सायकल हे सगळं दादाने जरूर आणावं, आणि त्याची नीट यादी करून आणावं. पण ही सवलत बॅगेजची आहे, आणि १९६२च्या सीमाशुल्क कायद्यात बॅगेजची जी व्याख्या दिली आहे, कलम २(३), तिच्यातच लिहिलंय की मोटार वाहन बॅगेजमध्ये येत नाही. लोक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आले आहेत की ‘परत येताना एक गाडी आणता येते’. गाडी आणणं आणि गाडी बिनड्यूटीची आणणं या दोन गोष्टींची त्यात गल्लत होते, आणि एजंट ती गल्लत दूर करत नाही, कारण त्याचं दुकान तिच्यावरच चालतं.

‘१२५ची ७० झाली’ हेही असंच अर्धं वाक्य आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या गाड्यांची मूळ सीमाशुल्काची टक्केवारी १२५वरून ७० केली, ही बातमी खरी. तुम्ही ती वर्तमानपत्रात वाचलीही असेल. पण त्याच दिवशी त्याच गाड्यांवर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर बसला. आधी १२५ आणि त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार मिळून १३७.५ टक्के व्हायचे. आता अधिभार गेला, आणि ७० अधिक ६७.५ मिळून १३७.५ टक्केच होतात. मथळा बदलला, खिशातून जाणारी रक्कम तीच राहिली. एजंट तुम्हाला बातमीचं कात्रण दाखवत असेल तर त्याला उपकराचं विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

याच्यावर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयात मालावर लागणारा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलमध्ये १२०० सीसीच्या, डिझेलमध्ये १५०० सीसीच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के, पण ज्या एसयूव्हीचं चित्र एजंटने तुम्हाला दाखवलं ती त्यात बसणार नाही. आणि हा आयजीएसटी गाडीच्या मूळ किमतीवर लागत नाही, गाडी अधिक ड्यूटी अशा बेरजेवर लागतो. लोकांचा हिशेब चुकतो तो इथे. ते १३७ आणि ४० यांची बेरीज करतात आणि मूळ किमतीला लावतात.

आता कागद-पेन घ्या आणि माझ्यासोबत हे करा. तुम्ही एजंटने दिलेल्या पानाचा फोटो पाठवला होता. त्यात त्या एसयूव्हीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा धरून, २० लाख लिहिली आहे. २० लाखांवर १३७.५ टक्के म्हणजे साडेसत्तावीस लाख. बेरीज साडेसत्तेचाळीस लाख. त्यावर ४० टक्के आयजीएसटी म्हणजे १९ लाख. बेरीज साडेसहासष्ट लाख. ही गाडी अजून मुंबईतच आहे. नागपूरला आणून पासिंग करायचं तर महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स २० टक्के, म्हणजे आणखी तेरा लाख तीस हजार. झाले जवळजवळ ८० लाख. क्लिअरिंगचा खर्च, चाचणीची फी, बंदरातलं भाडं, इन्शुरन्स हे सगळं मी यात धरलेलंच नाही.

एजंट म्हणतो ३८.

हाच हिशेब उलटा मांडून बघा. रोड टॅक्ससकट ३८ लाखांत बसवायचं तर बंदरात उतरलेल्या गाडीची किंमत साडेनऊ लाखांच्या आसपास दाखवावी लागेल. आणि त्याच्याच पानावर २० लाख लिहिलेत. म्हणजे दोनपैकी एक होणार. एकतर कस्टमला खोटं बिल दाखवणार, नाहीतर ती गाडी कस्टमच्या दारातून येणारच नाही. तिसरी शक्यता मला सुचत नाही, आणि हिशेब मी अनेकदा करून पाहिला आहे. तुम्हाला परदेशी गाडीचा कायदा कळो न कळो, एवढा एक गुणाकार लक्षात ठेवा : मोठी वापरलेली गाडी बंदरात जितक्याला पडते त्याच्या सव्वातीनपटीहून थोडी जास्त किंमत ती बंदराबाहेर पडताना होते. त्याहून स्वस्तात कुणी देत असेल तर ती रक्कम कुठेतरी लपवलेली असते, आणि लपवलेली रक्कम नंतर ज्याच्या नावावर कागद आहे त्याच्याकडून वसूल होते.

खोट्या बिलाचंही सांगतो, कारण ‘बिल आम्ही बनवतो’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. वापरलेल्या गाडीचं बिल कस्टम डोळे मिटून मान्य करत नाही. ते मॉडेल नवं असताना त्याची किंमत काय होती ते काढतात, वयाप्रमाणे घसारा वजा करतात, भाडं आणि विमा मिळवतात, आणि तुमचं बिल त्याच्याशी ताडून बघतात. आज सुटलं तरी सुटलं असं नसतं. जाणूनबुजून माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत मागची ड्यूटी मागता येते, गाडी जप्त करता येते, दंड होतो, खटलाही भरता येतो. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदावर, आयातदार म्हणून एजंटचं नाव नसतं. तुमच्या दादाचं असेल. अकरा वर्षं परदेशात इमानदारीने नोकरी करून आईसाठी परत येणाऱ्या माणसाची नागपुरातली सुरुवात कस्टमच्या नोटिशीने व्हावी, हे मला सहन होणार नाही. म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

कार्ने म्हणजे गाडीचा एक तऱ्हेचा पासपोर्ट. जगप्रवासाला निघालेले लोक आपली गाडी घेऊन देशोदेशी जातात, त्यांच्यासाठी तो आहे. गाडी आत येते ती परत जाण्याच्या हमीवर, साधारण सहा महिन्यांसाठी, ड्यूटी न भरता. मुदत संपली आणि गाडी परत गेली नाही तर ती हमी वसूल होते आणि गाडी बेकायदा ठरते. दादा पर्यटक म्हणून येत नाहीये, राहायला येतोय. ‘कार्नेवर आणू, मग बघू’ यातलं ‘मग बघू’ म्हणजे काय, ते एजंटला विचारून बघा.

आणखी एक वाट तुम्हाला कुणी सुचवली तर सावध राहा. ‘गाडी ईशान्येकडून येते, हिमाचलचं पासिंग असतं, एनओसी घेऊन इथे एमएच नंबर करून देतो.’ सप्टेंबर २०२५मध्ये कोचीच्या कस्टमने केरळभर ज्या धाडी टाकल्या, ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाने, त्या अशाच प्रकरणात होत्या. भूतानमार्गे आणलेल्या महागड्या गाड्या खोट्या कागदांवर इकडे नोंदवल्या गेल्या, असा त्यातला आरोप. नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत वाहन. ज्यांच्या दारातून गाड्या उचलल्या त्यांतल्या काहींनी त्या पैसे मोजून घेतलेल्या होत्या. जप्ती मालाच्या मागे जाते, घेणाऱ्याची नियत बघत नाही.

आता ते प्रकरण.

मुंबई बंदरात, इंदिरा डॉकच्या शेडमध्ये, एक रुपेरी सेडान उभी होती. गाडीचा मालक विदर्भातलाच, आखातात नोकरी करून परत आलेला, तुमच्या दादाच्याच वयाचा. तिकडच्या एका माणसाने त्याला सांगितलं होतं की वय तीनच्या आत भरतं. नोंदणीची तारीख धरली तर भरतही होतं. पण दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बनल्याचा महिना छापलेला होता आणि तो मोजला तर तीन वर्षं आणि चार महिने होत होते. शिवाय स्टिअरिंग डावीकडे. आखातातल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्याच असतात आणि आपल्याकडे आयातीला उजवंच लागतं. म्हणजे वयाचा वाद जिंकला असता तरी गाडी सुटली नसती. हे त्याला गाडी जहाजावर चढवण्याआधी कुणीही सांगू शकलं असतं. मी ज्या फर्ममध्ये होतो तिच्याकडे तो आला तेव्हा गाडी येऊन पाच आठवडे झाले होते.

मी त्याच्यासोबत शेडमध्ये गेलो. खाऱ्या हवेने वायपरच्या पट्ट्या कडक झाल्या होत्या. एक टायर बसला होता. बॉनेटवर धुळीचा थर होता आणि त्यात कुणा हमालाने बोटाने एक आकडा लिहून ठेवला होता, लॉट नंबर असावा. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची तशीच पट्ट्याला बांधलेली. त्याने काचेला हात लावून आत पाहिलं आणि मला विचारलं, खुर्ची तरी काढून नेऊ देतील का? मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला अजून आठवतं. माल उतरल्यापासून तीस दिवसांत सोडवला नाही तर नोटीस देऊन तो लिलावात काढता येतो, आणि शेडचं भाडं दररोज चढत असतं. शेवटी त्याने गाडीवर पाणी सोडलं. भाडं भरलं ते वेगळंच. घरी परतताना त्याच्या बॅगेत नागपूरहून करून आणलेली नंबरप्लेटची जोडी होती, कोरी, नुसतं एमएच लिहिलेली.

म्हणून तुमच्या दादाची गाडी जहाजावर चढू नये असं मला इतक्या तळमळीने वाटतं. ती बर्मिंगहॅममध्ये आहे तोवर तिची किंमत आहे. बंदरात उतरली की ती फक्त रोज वाढणारं भाडं.

तीन वर्षांच्या आतली गाडी कायद्याने आणायची असेल तर काय लागतं, हेही सांगतो. कारण ते ऐकलं की एजंट ‘सगळं मी बघतो’ म्हणतो त्याचा अर्थ कळतो. स्टिअरिंग उजवं हवं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. इंग्लंडच्या गाड्यांत मोठे आकडे मैलांचे असतात आणि आतल्या बाजूला बारीक किलोमीटर. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. गाडी निघण्याच्या ऐन आधी तिकडच्या मान्य संस्थेने ती तपासून, आपल्या मोटार वाहन कायद्यात बसते असा दाखला द्यायला हवा. पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याच्या लायकीची राहील आणि इथे तिची सर्व्हिस मिळेल याची हमी हवी. वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येते. अजनीला आपल्याकडे कंटेनर डेपो आहे, मिहानमध्ये आहे, पण वापरलेल्या गाडीसाठी त्यांचा उपयोग नाही. मुंबईत उतरल्यावर पुन्हा चाचणी : पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातली बुधनीची संस्था. हे सगळं पार पडून बिल ऑफ एंट्री आणि चाचणीचा दाखला हातात आला की मग आरटीओची वाट, इन्शुरन्स, रोड टॅक्स. एजंटला विचारा की निघण्याआधीचा दाखला कोणती संस्था देणार. संस्थेचं नाव लेखी द्यायला सांगा. तो बहुतेक म्हणेल, ‘भाऊ, तुम्ही काऊन टेन्शन घेता, कस्टममध्ये आपली माणसं आहेत.’ असं म्हणाला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

आणि समजा सगळं जमून गाडी आलीच, तर ती नागपुरात चालवायची आहे. इंग्लंडमध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, आपल्याकडे वीस टक्के. मे महिन्यात वर्धा रोडवर पारा ४५च्या वर जातो आणि हायब्रिडची बॅटरी त्या उन्हात उभी राहणार. जे मॉडेल इथे विकलंच जात नाही त्याचा सेन्सर गेला तर गाडी महिनाभर गॅरेजमध्ये. आईला फिजिओथेरपीला न्यायचं त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये असणं तुम्हाला परवडणार नाही.

आता दादाबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त हे जाणवलं की तुम्ही दोघं भाऊ गाडीवरून भांडत नाही आहात. तो अकरा वर्षांचं घर मोडून येतोय आणि त्यातलं एक काहीतरी अख्खं सोबत यावं असं त्याला वाटतंय. तुम्ही इथे आईची सगळी धावपळ एकट्याने केली आहे, आणि तिच्या एफडीला हात लावायला सांगितला की तुमच्या पोटात कालवतं. दोघांचंही बरोबर आहे. पण ‘दादा, हे परवडत नाही’ असं त्याला म्हणू नका. त्याला ते तुमचं मत वाटेल आणि तो पैशाची सोय करायला धावेल. ‘दादा, नंबरप्लेटवरचे ६९ बघ’ असं म्हणा. तो तिकडे राहतो, त्या दोन आकड्यांचा अर्थ त्याला तुमच्यापेक्षा नि माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तीन वर्षांची अट सांगा आणि गप्प बसा. बाकीचं तो स्वतः मोजेल.

गाडी त्याने तिकडेच विकावी. घाईत, निघण्याच्या आठवड्यात विकली तर पडत्या भावाने जाईल, म्हणून ऑगस्टपासूनच बघायला सांगा. तिची मूळ जुनी नंबरप्लेट काढून देईल असा गिऱ्हाईक बघितला, तर ती प्लेट सामानात येते. मुलीची खुर्चीही येते. याला ड्यूटीचं ओझं नाही आणि घरात भिंतीवर ती प्लेट लागली तर पुतणी मोठी झाल्यावर विचारेल, ही कुठली. सांगायला गोष्ट राहील.

विकून आलेल्या पैशात इथे गाडी घ्या. सप्टेंबर २०२५च्या जीएसटी बदलानंतर लहान गाड्या बऱ्याच उतरल्या आहेत, मोठ्यांवरचा सेस गेला आहे, हायब्रिडही इथे मिळतात. ज्या ८० लाखांचा हिशेब वर मांडला त्याच्या पाव रकमेत नवी कोरी, कंपनीच्या वॉरंटीची गाडी दारात उभी राहते. पण दादा आल्याशिवाय बुक करू नका. तो निवडेल, तर ती त्याची गाडी होईल.

आणि शोरूममध्ये आईला घेऊन जा. हे मी मनापासून सांगतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाला खूप खाली बसवणारी सीटही त्रासाची आणि पाय उचलून चढावी लागणारी उंच एसयूव्हीही. उभ्या माणसाने जरा मागे टेकावं आणि बसल्यासारखं व्हावं, एवढ्या उंचीची सीट तिला सोयीची. पुढचं दार किती उघडतं ते बघा. कोणत्या बाजूच्या हातात ताकद आहे, त्या हाताला धरायला दांडी आहे का ते बघा. व्हीलचेअर असेल तर ती घेऊनच जा आणि घडी घालून डिकीत ठेवून दाखवायला सांगा. सेल्समनला मायलेज विचारण्याआधी हे. आईला तीन-चार गाड्यांत बसवून पाहा आणि ती कशातून उतरताना तोंड वाकडं करत नाही ते दोघा भावांनी बघा.

टोकनचं राहिलं. एजंटला आजच व्हॉट्सअॅपवर लिहा, फोनवर बोलू नका. लिहा की गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असल्याने आयात होऊ शकत नाही, हे आम्हाला आता कळलं, म्हणून व्यवहार रद्द करतोय आणि ५१ हजार सात दिवसांत ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. यूपीआयची नोंद, त्याने दिलेलं ते २० लाखांचं पान, आणि आधीचे सगळे मेसेज एका ठिकाणी जपून ठेवा. त्याने दुसरी गाडी दाखवायला बोलावलं तर जाऊ नका. सात दिवसांत पैसे आले नाहीत तर वकिलाकडून नोटीस, आणि ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. दादाचा पासपोर्ट किंवा इंग्लंडमधल्या कागदांची प्रत एजंटकडे गेली असेल तर ती परत मागा, आणि ती कुठेही वापरू नये असं त्याच मेसेजमध्ये लिहा. हे विसरू नका. माणसाच्या पासपोर्टवर त्याला न कळता गाडी मागवली गेल्याची प्रकरणं या धंद्यात झालेली आहेत.

आणि दादाला आज रात्री फोन करा. इंग्लंडच्या गाडीच्या लॉगबुकमध्ये, व्ही-फाइव्ह-सी म्हणतात त्याला, कायमच्या निर्यातीसाठी वेगळा भाग असतो. एजंटने त्याला तो भरून पाठवायला सांगितलं असेल तर त्याने तो भरू नये. भरून ठेवला असेल तर पोस्टात टाकू नये. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा त्यांच्याकडे सध्या संध्याकाळचे साडेपाच असतात, तो कामावरून निघत असेल. गाडीतच असेल कदाचित. आधी कुठेतरी बाजूला लावायला सांगा आणि मग बोला.